हस्ताक्षर मिळालं, पण पाठ कोणता? : बेथोव्हेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या आवृत्त्या

जुन्या कागदांचा नाद असलेल्या आपल्यासारख्या माणसांची एक ठाम समजूत असते. लिहिणाऱ्याच्या स्वदस्तुरचा कागद मिळाला की वाद मिटला. नकलनवीस चुकतो, छापखाना चुकतो, संपादक आपलं घोडं पुढे दामटतो; पण मूळ हस्ताक्षर म्हणजे शेवटचा शब्द. ही समजूत कुठवर टिकते हे पाहायला मला एक उदाहरण फार उपयोगी वाटतं. ते आपल्या दप्तरांतलं नाही, व्हिएन्नातलं आहे. लुडविग फान बेथोव्हेनचा डी मेजरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो, कृतिक्रमांक ६१. याचं हस्ताक्षर शाबूत आहे, पहिली छापील आवृत्ती रचनाकाराच्या हयातीतली आहे, आणि तरीही एकल व्हायोलिनने नेमकं काय वाजवायचं यावर अभ्यासकांचा खल दोनशे वर्षांनीही चालूच आहे.

हा विषय बडोद्याच्या मंडळात कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर आपल्याच गावात आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती आपल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. पाठभेद, प्रतींचे गट, तळटिपांतली नोंद हे शब्द आपल्याकडच्या जुन्या मंडळींना नवे नाहीत. दुसरं, मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ साली इथे निघाली ती स्वरलेखनाचा आग्रह धरूनच, आणि त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन यांना सयाजीराव महाराजांनी पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमीत धाडलं होतं. तेव्हा सूर कागदावर उतरवले की काय हाती लागतं आणि काय निसटतं, हा प्रश्न आपल्या गावानेही विचारलेला आहे.

आता मूळ गोष्ट. कॉन्चेर्टो म्हणजे एक एकल वादक आणि त्याच्यासमोर पूर्ण वाद्यवृंद अशी रचना, साधारणपणे तीन भागांची. बेथोव्हेनने ही रचना १८०६ साली फ्रान्झ क्लेमेंट या व्हायोलिनवादकासाठी केली. क्लेमेंट तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि थिएटर आन डेर विन या नाटकगृहाच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. २३ डिसेंबर १८०६ रोजी, त्याच्याच मदतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात, हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला. कार्ल चेर्नी या बेथोव्हेनच्या शिष्याने पुढे लिहून ठेवलं, की रचना कार्यक्रमाच्या जेमतेम दोन दिवस आधी पुरी झाली. म्हणजे तालमीला वेळच नव्हता. त्याच संध्याकाळी क्लेमेंटने व्हायोलिन उलटं धरून एक करामतीचा तुकडाही वाजवून दाखवला, अशी कार्यक्रमपत्रिकेची साक्ष आहे. वृत्तपत्रात योहान नेपोमुक म्योझर या समीक्षकाने कॉन्चेर्टोतल्या सौंदर्यस्थळांची दखल घेतली, पण सलगपणा तुटतो आणि त्याच त्या सामान्य जागा पुन्हा पुन्हा येऊन कंटाळा येऊ शकतो, असाही शेरा मारला.

या घाईगर्दीतून जे कागद मागे राहिले त्यांची आता हजेरी घेऊ. मुख्य साधनं चार.

पहिलं साधन बेथोव्हेनच्या हातचा पूर्ण स्कोअर. तो व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि १९७९ साली ग्राट्सच्या एका प्रकाशकाने त्याची हुबेहूब प्रतिकृती छापली. पहिल्याच पानावर बेथोव्हेनने फ्रेंच आणि इटालियनची मिसळ करून क्लेमेंटच्या नावावर कोटी केली आहे. त्याचं नाव आणि कृपा या अर्थाचा इटालियन शब्द यांचा खेळ. पानं उलटत गेलं की गंमत सुरू होते. वाद्यवृंदाचा मजकूर बराचसा स्थिर आहे. एकल व्हायोलिनची ओळ मात्र जागोजागी अस्थिर. एक पाठ वर आपल्या ओळीत, आणि पानाच्या तळाशी ज्या ओळी मोकळ्या राहिल्या त्यांत त्याच जागेसाठी दुसरा पाठ, कुठे तिसराही, वेगळ्या शाईत, वेगळ्या वेळी लिहिलेला. बऱ्याच ठिकाणी कोणता ठेवायचा आणि कोणता रद्द, याचा स्पष्ट निर्णय नाही. शिवाय काही पानांवर पियानोच्या डाव्या हाताची टाचणं आहेत. ती का, ते पुढे येतं.

दुसरं साधन नकलनवीसाने केलेली प्रत. ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तीत बेथोव्हेनने स्वतः दुरुस्त्या केल्या, आणि तिच्यावरूनच छापण्यासाठी धातूच्या पत्र्यावर सूर कोरले गेले.

तिसरं साधन व्हिएन्नाची पहिली छापील आवृत्ती, १८०८ सालची. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ती सगळ्या वाद्यांचा एकत्र स्कोअर म्हणून निघाली नाही; प्रत्येक वाद्याचा सुटा भाग छापला गेला. चौथं साधन लंडनची आवृत्ती, १८१० ची, मुझिओ क्लेमेंटीच्या प्रकाशनसंस्थेची.

हा क्लेमेंटी आणि तो क्लेमेंट, नावं सारखी पण माणसं वेगळी. क्लेमेंटी हा पियानोवादक, रचनाकार आणि लंडनचा व्यापारी. एप्रिल १८०७ मध्ये तो व्हिएन्नात आला आणि बेथोव्हेनशी त्याने करार केला. इंग्लंडातल्या प्रकाशनहक्कांपोटी दोनशे पौंड, आणि त्यात हा व्हायोलिन कॉन्चेर्टो, शिवाय त्याचंच पियानोसाठी केलेलं रूपांतर. हस्ताक्षरातली पियानोची टाचणं या मागणीतून आली असावीत, असं अभ्यासक मानतात. मधल्या काळात नेपोलियनच्या युद्धांनी खंडातून इंग्लंडला टपाल आणि माल जाणं दुरापास्त झालं, आणि लंडनची छपाई लांबली. सूर बदलण्यामागे असा बाजार आणि राजकारणही असतं, हे आपण पेशवे दप्तर वाचणाऱ्यांनी तरी विसरू नये.

आता पेच नीट पाहा. ब्रिटिश लायब्ररीतल्या प्रतीत आणि १८०८ च्या छपाईत एकल व्हायोलिनची जी ओळ आहे, ती हस्ताक्षराशी सरळ जुळत नाही. काही ठिकाणी ती हस्ताक्षरातला पहिला पाठ घेते, काही ठिकाणी तळाशी लिहिलेला दुसरा, आणि काही ठिकाणी असा पाठ देते जो हस्ताक्षरात कुठेच सापडत नाही. याचा अर्थ मधला एक कागद हरवलेला आहे. हा अंतिम पाठ कुणी जुळवला? बेथोव्हेनने स्वतः वेगळ्या पानांवर लिहून दिला, की व्हायोलिनच्या जाणकार माणसाची मदत घेतली? दुसऱ्या हाताचा संशय काही अभ्यासकांनी घेतला आहे. पण ज्या प्रतीत तो पाठ उतरला ती प्रत बेथोव्हेनच्या नजरेखालून गेली आणि त्याने ती दुरुस्त केली, हेही तितकंच खरं.

एका छोट्या तपशिलात हा सगळा पेच दिसतो. हस्ताक्षराच्या पहिल्या पानावर नाव क्लेमेंटचं आहे. छापील आवृत्तीवर अर्पण आहे बेथोव्हेनचा जुना मित्र श्टेफान फोन ब्रॉयनिंग याला, आणि पियानो रूपांतराचं अर्पण त्याची नवपरिणीत बायको युली हिला. यातलं खरं कोणतं? दोन्ही खरी. १८०६ साली रचना क्लेमेंटची होती, १८०८ साली ती ब्रॉयनिंगची झाली. सुरांच्या बाबतीतही असंच झालं असेल, तर एकच खरा पाठ शोधण्याचा हट्ट कितपत रास्त?

पहिल्या प्रयोगानंतर हा कॉन्चेर्टो पुढची काही दशकं क्वचितच वाजला. त्याला लोकांत आणलं ते योझेफ योआखिम या मुलाने. २७ मे १८४४ रोजी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या कार्यक्रमात, मेंडेल्सोनच्या संचालनाखाली, बारा वर्षांच्या योआखिमने तो वाजवला आणि तेव्हापासून व्हायोलिनवादकाच्या कर्तबगारीची ही कसोटीच ठरली. लोकप्रियता आली तशा आवृत्त्या आल्या. मोठमोठे वादक आपापली प्रत छापू लागले. योआखिमने आंद्रेआस मोझरबरोबर काढलेल्या व्हायोलिनच्या क्रमिक ग्रंथात हा कॉन्चेर्टो आपल्या खुणांसह दिला; पुढे कार्ल फ्लेशची आवृत्ती घरोघर गेली. या प्रतींमध्ये कोणत्या सुराला कोणतं बोट, गज कुठे वर आणि कुठे खाली, एका गजात किती सूर बांधायचे, कुठे जोर द्यायचा, हे सगळं वादकाने आपल्या अनुभवातून भरलेलं असे.

यात वाईट काही नाही. गुरूने शिष्याला द्यायची तालीमच ती. अडचण अशी, की छापील पानावर बेथोव्हेनची खूण आणि योआखिमची खूण एकाच शाईत, एकाच आकारात दिसते. टीकाकाराने ओवीतच आपली टीका मिसळून दिली तर ज्ञानेश्वर कुठे संपले आणि टीकाकार कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने कसं ओळखावं? शंभर वर्षं व्हायोलिनचे विद्यार्थी अशा मिसळलेल्या पानांवरून शिकले.

त्याच सुमारास दुसरीकडे वेगळा विचार वाढत होता. लाइपझिगच्या ब्राइटकोफ उंड हेर्टेल या प्रकाशकाने १८६२ ते १८६५ या काळात बेथोव्हेनचं समग्र संगीत छापलं. काम मोठं होतं, पण कोणता पाठ कुठून घेतला याचा अहवाल त्यात नव्हता. त्या आवृत्तीचं परीक्षण करणाऱ्यांत ओटो यान हा विद्वान होता. यान मुळात ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यासक. मोत्सार्टचं मोठं चरित्रही त्याचंच. बर्लिनमध्ये तो कार्ल लाखमान याच्या हाताखाली शिकला होता. प्रतींची तुलना करा, समान चुकांवरून त्यांचं नातं ठरवा, वंशवृक्ष काढा आणि मग पाठ निवडा, या शिस्तीशी लाखमानचं नाव जोडलेलं आहे. यानसारख्या माणसांमुळे ही शिस्त संगीतात आली.

याच जर्मन विद्येची दुसरी फांदी आपल्याकडे पोहोचली. हाइनरिख ल्यूडर्स याने १९०८ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा नमुना छापला. त्याच्याकडे बर्लिनमध्ये शिकलेले विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताचे प्रमुख संपादक झाले. लाखमानची पद्धत महाभारताला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण प्रतींची सरमिसळ अफाट आहे, हे सुकथनकरांनीच आदिपर्वाच्या प्रस्तावनेत दाखवून दिलं. पुणे आणि बडोदा इथली ही कामं आणि बेथोव्हेनच्या आजच्या आवृत्त्या ही म्हणून एकाच घराण्याची चुलत भावंडं आहेत.

संगीतात या विचाराला उरटेक्स्ट, म्हणजे मूळ पाठ, असं नाव पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या कला अकादमीने या नावाची मालिका काढली, आणि १९४८ साली ग्युन्टर हेन्ले याने स्थापलेल्या प्रकाशनसंस्थेने हा शब्द वादकांच्या तोंडी बसवला. आमच्या कॉन्चेर्टोच्या बाबतीत मोठी चालना दिली ॲलन टायसन या ब्रिटिश संशोधकाने. हा गृहस्थ पेशाने मनोविश्लेषक. जुन्या संगीतकागदांचे जलचिन्ह तपासून त्यांचा काळ ठरवण्यात त्याचा हातखंडा. १९६२ आणि १९६७ साली त्याने दोन लेखांत या रचनेच्या पाठाचे घोटाळे सविस्तर मांडले. बॉनच्या बेथोव्हेन-हाउसने सुरू केलेल्या नव्या समग्र आवृत्तीत शिन आउगुस्टिनुस कोजिमा याने १९७३ साली हा कॉन्चेर्टो संपादित केला. जॉनथन डेल मार याने बेरेनरायटर या प्रकाशकासाठी २००९ साली नवी आवृत्ती केली आणि तिच्यासोबत पाठचिकित्सेचा स्वतंत्र ग्रंथच दिला. दोघांसमोर साधनं जवळपास तीच. तरी निर्णय सगळीकडे सारखे नाहीत, कारण कोणत्या साधनाला कुठे किती वजन द्यायचं हे शेवटी संपादकालाच ठरवावं लागतं.

निर्णय किती बारीक असतात त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. सुरावर ठिपका आहे की छोटी उभी रेघ? दोन्हींचा अर्थ सूर तोडून वाजवणे असा, पण बेथोव्हेनच्या लेखी त्यांत फरक होता. १८२५ साली कार्ल होल्झ याला लिहिलेल्या पत्रात एका चतुष्कावरून तो चिडून बजावतो, की ठिपका आणि रेघ यांची गल्लत करू नका, आणि सुरांवरच्या कमानी मी जिथे काढल्या तिथेच ठेवा. पण घाईत लिहिताना त्याचा स्वतःचा ठिपका लांबून रेघेसारखा होतो. मोडी वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अक्षराची सवय कळल्याशिवाय अक्षर कळत नाही. कमान एक सूर आधी संपली की नंतर, यावर व्हायोलिनचा गज कुठे फिरतो ते ठरतं, आणि गज फिरला की ऐकणाऱ्याला वाक्य वेगळ्या ठिकाणी तुटल्यासारखं वाटतं.

हस्ताक्षर मिळूनही काम संपत नाही याचं कारण आता स्पष्ट व्हावं. रामायणाच्या संपादकांपुढे वाल्मीकींच्या हातचं पान नव्हतं. शतकानुशतकांच्या नकलांवरून त्यांना मागे मागे जायचं होतं. इथे पान समोर आहे, पण ते पान म्हणजे मसुदा. आपल्याकडे एखाद्या सरदाराच्या पत्राचा मसुदा दप्तरात मिळतो, खाडाखोड केलेला, आणि रवाना झालेलं पत्र दुसऱ्या गावी मिळतं, कारकुनाच्या स्वच्छ हातचं. मसुद्यात माणसाच्या मनात काय चाललं होतं ते दिसतं. रवाना पत्रात त्याने जगाला काय सांगितलं ते. हातचं आहे म्हणून मसुदाच खरा धरायचा, तर ज्या शब्दांवर पुढची लढाई झाली ते शब्द आपण गमावतो. उलट रवाना पत्रच खरं म्हटलं, तर कारकुनाच्या चुका धन्याच्या माथी मारल्या जातात.

बेथोव्हेनच्या बाबतीत १८०८ ची छपाई हे रवाना पत्र. तिच्यात नकलनवीसाच्या आणि कोरणाऱ्याच्या चुका आहेत, आणि मुद्रितं तपासण्यात बेथोव्हेन फारसा काटेकोर नव्हता. अशा जागी हस्ताक्षराकडे परत जायचं. पण जिथे बदल जाणूनबुजून केलेला दिसतो, तिथे हस्ताक्षर जुनं म्हणून बाजूला ठेवायचं. चूक आणि बदल यांतली सीमा आखणं हेच संपादकाचं खरं काम, आणि ती सीमा प्रत्येक जागी कारण देऊन आखावी लागते.

बाद झालेले पाठही फेकून द्यायचे नसतात. क्लेमेंटने २३ डिसेंबरला नेमकं काय वाजवलं, याच्या जवळ जाण्याची वाट कदाचित हस्ताक्षरातल्या त्या जुन्या थरातूनच जाते. क्लेमेंटचा स्वतःचाही एक डी मेजर कॉन्चेर्टो आहे. तो ७ एप्रिल १८०५ रोजी त्याच नाटकगृहात वाजला, ज्या कार्यक्रमात बेथोव्हेनची एरोइका सिम्फनी पहिल्यांदा जाहीरपणे वाजली त्यातच. क्लाइव्ह ब्राउन याने त्याची आधुनिक आवृत्ती केल्यावर बेथोव्हेनची एकल ओळ कोणत्या वादनशैलीला डोळ्यासमोर ठेवून लिहिली गेली, ते अधिक उमगू लागलं. पियानोच्या रूपांतराचंही तसंच. बेथोव्हेनने व्हायोलिनसाठी कॅडेन्झा, म्हणजे वादकाने एकट्याने खुलवायची जागा, लिहून ठेवली नाही. पियानोसाठी मात्र लिहिली, आणि पहिल्या भागातल्या कॅडेन्झात चक्क टिंपनीचे नगारे साथीला घेतले. वोल्फगांग श्नायडरहान या वादकाने ती परत व्हायोलिनवर आणली. आडवाटेचा कागद असा कधी मुख्य रस्त्यालाच येऊन मिळतो.

आज याचं महत्त्व मला एका साध्या कारणासाठी वाटतं. जुन्या आवृत्त्यांचे हक्क संपले आहेत, म्हणून संगणकावर फुकट मिळतात त्या बहुधा त्याच, वादकांनी आपल्या खुणा मिसळलेल्या. नव्या चिकित्सित आवृत्त्यांना पैसे पडतात. मग शिकणारं पोर जे फुकट उतरवून घेतं त्यालाच बेथोव्हेनचं मूळ समजतं. आपल्या क्षेत्रातही हेच चाललं आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणी संपादकाने भर घालून छापलेली बखर स्कॅन होऊन सगळीकडे फिरते, आणि तिच्यातलं वाक्य समकालीन पुरावा म्हणून लेखांत येतं. जुनी आवृत्ती वापरू नये असं मी म्हणत नाही. योआखिमच्या खुणा हा एकोणिसाव्या शतकातल्या वादनाचा अव्वल पुरावा आहे. फक्त तो योआखिमचा पुरावा म्हणून वाचावा.

म्हणून आपल्या मंडळाच्या नव्या सभासदांना माझं एवढंच सुचवणं आहे. छापील पान हाती आलं, मग ते सुरांचं असो की सनदेचं, तर आधी प्रस्तावना आणि तळटिपा उघडाव्यात. संपादकाने किती साधनं पाहिली, त्यांपैकी आधाराला कोणतं धरलं, आणि स्वतःची भर कंसात, बारीक टाइपात किंवा तुटक रेषेने वेगळी दाखवली आहे का, हे पाहावं. दाखवली असेल तर त्याचा निर्णय आपल्याला न पटला तरी चालतो, कारण तो उलटा फिरवायची सामग्री त्यानेच आपल्या हाती दिलेली असते. प्राच्यविद्या मंदिराच्या रामायणात पानाच्या खालच्या अंगाला जी पाठभेदांची दाट वस्ती आहे, ती पुष्कळ जण ओलांडून जातात. पुढच्या खेपेला तिथे थोडं थांबावं.